पिवळी विकली

नाशिक, 27 ऑक्टोबर 2025
रात्रीचे साडेबारा

ती. बाबा आणि प्रिय आई,

सा. न. वि. वि.

तुम्ही दोघं आत झोपला आहात. म्हणजे बाबा झोपलेत. आई, तू दोनदा पाणी प्यायच्या निमित्ताने डोकावून गेलीस आणि दोन्ही वेळा मी बॅगेची चेन उघडझाप करत बसले. गाडी तीन वाजता येणार आहे. अठरा दिवस होते माझ्याकडे. उद्या सांगू, पाडवा झाला की सांगू, भाऊबीज झाली की सांगू, असं करत आता पत्र लिहिते आहे.

पिवळी, म्हणजे माझी बर्फावर चालणारी स्नोमोबाईल, विकली. एप्रिलमध्येच. तिच्या जागी दुसऱ्या कंपनीची बुक केली आहे, पोलॅरिस. तिकडे कॅनडात नव्या सीझनची गाडी वसंतातच पैसे भरून सांगून ठेवतात आणि ती बर्फ पडायच्या सुमाराला हातात येते. माझी नोव्हेंबरच्या मध्यावर येईल. सहा महिने हे मी तुमच्यापासून लपवलं. त्यामागचं कारण त्याच्याही आधीपासून लपवते आहे.

आई, तुला ते कळलंय. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी फडताळातला वरचा डबा डाव्या हाताने काढला, तेव्हा तू नुसतं पाहिलंस. नंतर मी आरशासमोर केसांना पिन लावायला हात मागे नेत होते आणि उजवा अर्ध्यावरच थांबत होता. तू काही न विचारता फणी घेतलीस आणि वेणी घातलीस. चाळिशीच्या बाईची वेणी! तेलाचा हात मानेवरून खांद्यावर आला, तिथे थांबला, दोनदा दाबून पाहिलं आणि पुढे गेला. तेव्हाच सांगायला हवं होतं.

तर फेब्रुवारीत माझा लॅपटॉपचा कॅमेरा बिघडला नव्हता. बाबा, तुम्ही कापसाच्या बोळ्याने लेन्स कशी पुसायची, ड्रायव्हर पुन्हा कसा टाकायचा, हे चार मोठमोठे मेसेज करून कळवलं होतंत. ते वाचताना माझा हात गळ्यात होता. उतारावर आडवी जात असताना तोल गेला आणि पिवळी ओहोळाच्या घळीत घसरली. बर्फ छातीपर्यंत. चूक माझीच होती, जागा निवडण्यात चुकले. बरोबरचे दोघं लगेच आले, अर्धा तास फावड्याने उकरलं. मग मी पुढच्या स्कीचा दांडा धरून जोरात हिसका दिला तेव्हा खांद्यात काहीतरी कट् झालं. स्नायू थोडा फाटला होता. ऑपरेशन लागलं नाही. बारा आठवडे फिजिओ झाली, अजून रबराची पट्टी ओढायचे व्यायाम चालू आहेत. रात्री उशी काखेत घेऊन झोपते, बस. आता खरंच बरी आहे. (हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं, कारण तुला ते खरं वाटणार नाही.)

बाबा, तुमचा पहिला प्रश्न मला ऐकू येतोय. "ओळखीची गाडी कशाला सोडलीस?" तुम्ही चेतक तेवीस वर्षं चालवलीत. देशपांडे काकांनी एलएमएल घेतली तेव्हा अख्खी गल्ली बघायला गेली होती, तुम्ही नाही गेलात. सकाळी मायकोच्या फर्स्ट शिफ्टच्या आधी चेतक डाव्या अंगावर झुकवायची, मिनिटभर तशीच धरायची, मग किक. शेजारी हसायचे. तुम्ही म्हणायचात, तिला काय हवं ते मला माहीत आहे. माझंही पिवळीशी तसंच होतं. 2019 पासून सहा हिवाळे. कुठल्या थंडीत किती दोरी ओढायची, कुठला आवाज काळजीचा आणि कुठला सवयीचा, सगळं पाठ. म्हणून हिशोब मांडायला मी दोन महिने घेतले, आणि तो तुम्हाला दाखवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मुख्य गोष्ट वजन. या गाड्या साधारण दोनशे किलोच्या. कंपनी सांगते ते कोरडं वजन, म्हणजे पेट्रोल, ऑइल, कूलंट न धरता. वर चिकटलेला बर्फ वेगळाच. रस्त्यावर वजनाने काही बिघडत नाही, पण डोंगराच्या कुशीवर आडवं जाताना गाडी एका अंगावर कलती करून धरावी लागते, दोन्ही पाय एकाच बाजूच्या फळीवर ठेवून. अगदी तुमच्या चेतकसारखी, फक्त मिनिटभर नाही, अर्धा अर्धा किलोमीटर. हे सगळं खांद्यावर येतं. नवी माझ्या जुन्या मॉडेलपेक्षा हलकी आहे आणि कलायला कमी ताकद मागते. मैत्रिणीची चार दिवस मागून चालवून पाहिली तेव्हाच ठरल्यासारखं झालं. पाचव्या दिवशी खांदा दुखला नाही.

आता तुमच्या आवडीचा भाग. पिवळीचं इंजिन रोटॅक्सचं, ऑस्ट्रियात बनतं. टू-स्ट्रोकच, पण पेट्रोल थेट सिलिंडरच्या डोक्यात नोझलने फवारलं जातं, म्हणून न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधून फुकट जात नाही. तुम्ही आयुष्यभर सातपूरला नोझलच्या भोकांचे मायक्रॉन मोजलेत, तुम्हाला हे मी काय सांगणार! पोलॅरिसमध्ये फवारा असा डोक्यावरून येत नाही. त्या बाबतीत माझं मत अजून पिवळीच्या बाजूने आहे. ऑइलही ती कमी पीत होती. उलट नवीत चेनकेस, म्हणजे साखळीचा डबा, नाही. इंजिनकडून ट्रॅककडे, म्हणजे गाडी ढकलणाऱ्या खालच्या रुंद रबरी पट्ट्याकडे, ताकद न्यायला दातेरी पट्टा आहे. साखळी नाही, तिचं ऑइल नाही, तेवढं वजन कमी. तुम्ही म्हणाल, पट्टा तुटला तर? तुटला तर मी मित्राच्या गाडीमागे दोरीने बांधून घरी येईन. साखळीला ऐनवेळी दात कमीजास्त करायची सोय असते, ती मात्र गेली.

एक गंमत तुम्हाला कधी सांगितलीच नाही. दोन्ही गाड्यांत रिव्हर्स गिअरच नाही. बटण दाबलं की इंजिन बंद पडायच्या बेतात येतं आणि नेमक्या क्षणी स्पार्क असा पडतो की क्रँक उलटा फिरायला लागतो. इंजिनच उलटं चालतं! तुमच्या चेतकने एकदा किक उलटी मारून पोटरी सुजवली होती, तेच ते, फक्त मुद्दाम घडवून आणलेलं.

टर्बो घेतलेला नाही. उंचीवर हवा विरळ, दर हजार फुटांना इंजिन साधारण तीन टक्के ताकद हरवतं, म्हणून तिकडची तरुण पोरं टर्बो घेतात. मला साध्याचे एकशे साठ घोडे पुरेत. चेतकला साडेसात होते आणि आपण चौघं वणीचा गड चढलो होतो. चौघं म्हणजे दादा पुढे उभा, मी तुमच्या दोघांच्या मध्ये. डिसेंबरच्या थंडीत निघताना तुम्ही माझ्या स्वेटरच्या आत "गावकरी"ची घडी सरकवायचात. छातीला कागद, वारा लागत नाही. बाबा, मी बावीस हजारांचं जॅकेट घालते आणि अजूनही पहिल्या वाऱ्याला मला छातीशी कागदाची कुरकुर आठवते.

आई, तुझी हरकत वेगळी असणार. तुला पिवळीच्या कंपनीची ती गोष्ट आवडली होती. बॉम्बार्डिए नावाच्या मेकॅनिकचा दोन वर्षांचा मुलगा 1934 च्या हिवाळ्यात आजारी पडला, रस्ते बर्फाने बंद, दवाखान्यात नेता आलं नाही, आणि बर्फावर चालेल अशी गाडी तर वर्कशॉपमध्ये अर्धवट पडलेली. मूल गेलं. पुढे त्याने बर्फावरच्या गाड्या बनवल्याच आणि 1959 मध्ये स्की-डू आली. ते ऐकून तू डोळ्यांना पदर लावलास, म्हणालीस, "त्याच्या गाडीवर बस हो, तो सांभाळेल." मी पिवळी घेतली तेव्हा मोबाईलमधल्या फोटोलाच हळदकुंकू लावलं होतंस, काचेवर. म्हणून ती विकताना मला चोरी केल्यासारखं वाटलं. घेणारा आमच्याच ऑफिसातला मुलगा आहे, नीट ठेवेल. तुझ्या समाधानासाठी: नव्या कंपनीच्या घरातही गोष्ट आहे, आणि ती तुला जास्त ओळखीची वाटेल. 1954 मध्ये मिनेसोटातल्या रोझो गावात दोन हेटीन भाऊ आणि त्यांच्या एका भागीदाराने ती कंपनी काढली. पुढे मोठा भाऊ बाहेर पडला आणि त्याने जवळच्याच गावात आर्क्टिक कॅट काढली. साठ वर्षं दोन्ही समोरासमोर. आपल्या निफाडच्या बांधासारखंच की!

बाकी पर्याय राहिलेच नाहीत. यामाहाने 2023 मध्येच सांगून टाकलं की 2025 च्या मॉडेलनंतर या धंद्यातून बाहेर. आर्क्टिक कॅट याच वर्षी विकली गेली. चेतक बंद झाल्यावर तुम्ही क्लच प्लेटसाठी दोन दोन तास कुठे कुठे हिंडायचात ते मी पाहिलंय, त्यामुळे दहा वर्षांनी कोण उभं असेल हेही धरलं.

नुकसान काय? आमचा चौघांचा गट. उरलेल्या तिघांकडे पिवळीचीच कंपनी. आत्तापर्यंत कुणाचाही क्लचचा पट्टा कुणालाही चालायचा, आता माझा मलाच न्यावा लागेल, आणि एक नाही, दोन. चार दिवस हसतीलही. आणि हात नव्या गाडीचे व्हायला अर्धा सीझन जाईल, तोवर मी सपाटीवरच आहे, हे लिहून देते.

पैसे. वीस हजार कॅनेडियन डॉलरच्या आसपास, आपल्या पैशात बारा साडेबारा लाख. पिवळीचे आले ते वजा. आई, आकडा मोठा आहे, माहीत आहे. पण खालच्या बाथरूमचे बार, कमोड आणि जिन्याचा कठडा यांचे पैसे मी वेगळे काढून दादाकडे दिलेत. मिस्त्री गुरुवारी येतोय. त्याला परत पाठवायचं नाही. "कशाला एवढ्यात" म्हणायचं नाही.

बाबा, परवा तुम्ही जेवताना म्हणालात, "तिकडं बर्फातलं काम असतं का अजून?" मी हो म्हटलं आणि तुम्ही भाकरी मोडलीत. तुम्हाला विचारायचं होतं की हे सोडणार कधी. बाबा, एवढ्यात नाही. आमच्या रेव्हलस्टोक गावाहून वरच्या हवामान केंद्रांपर्यंत हिवाळ्यात दुसरी वाट नाही, आणि कामाचा भाग सोडला तरी रविवारी मी स्वतःहून जाते. खांद्यासाठी मी गाडी बदलली. तुम्हाला हवं होतं ते हे नाही, हे मला कळतं.

पण एकटी जात नाही. निघायच्या आधी हिमस्खलनाचा त्या दिवसाचा अंदाज वाचते. ते काम करणारी संस्था आमच्या गावातच आहे. अंगावर ट्रान्सीव्हर, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं सिग्नलचं यंत्र, असतो, पाठीवर फावडं, काठी आणि हवेची पिशवी. डब्यात तुझ्या दशम्या असतात, आई, त्या थंडीत दगड होतात म्हणून इंजिनच्या हुडखाली ठेवून गरम करते. कोंडाजीचा चिवडा दोन किलो घेतला आहे, पुरेल.

आता माझी पाळी. बाबा, पांडवलेणीच्या पायऱ्या बंद. गुडघ्याला तेल लावून चढण्यात काही पराक्रम नाही. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची तारीख दादा घेईल, ती पुढे ढकलायची नाही. स्कूटरवरून बुधवारच्या बाजाराला जायचं नाही, रिक्षा करा. आई, बीपीची गोळी सकाळी, "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. मी डबीवर वार लिहिलेत. आणि 2027 च्या पर्वणीचं मनात धरून बसली आहेस ते ठीक, पण ऑगस्ट-सप्टेंबरच्या गर्दीत रामकुंडावर जायचं नाही. मी त्याआधी उन्हाळ्यात येईन, आपण तिघं एका साध्या मंगळवारी पहाटे जाऊ, तू पाय बुडव, मी तुझा हात धरते. डावा धरीन.

2 नोव्हेंबरला आमची घड्याळं एक तास मागे जातात. तुम्ही फोन सकाळी साडेनऊलाच करा, माझे तेव्हा रात्रीचे आठ असतील, नऊ नाही. कॅमेरा चालू असेल.

रागवायचं तर फोनवर रागवा. गप्प बसू नका.

पत्र चिवड्याच्या डब्याखाली ठेवते, तिथे आईचा हात आधी जाईल. दुधाची पिशवी आत घेतली की दारावरची कडी लावा, मी बाहेरून नुसतं ओढून जाते आहे. गाडीवाल्याचा फोन आला.

तुमची
चिमी