टोर्नेडोला टोर्नेडो म्हणा, मंत्रिमहोदय

माननीय केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

31 मार्च 2024 च्या रविवारी दुपारी पश्चिम बंगालमधल्या जलपाईगुडी जिल्ह्यात, मैनागुडी परिसरावरून टोर्नेडो गेला. काही मिनिटांचा खेळ. किमान 4 माणसं गेली, शंभरावर जखमी झाली, शेकडो संसार उघड्यावर आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 2,000 कोटींचं ‘मिशन मौसम’ मंजूर झालं आणि देश हवामानासाठी सज्ज करण्याचं वचन आपण दिलंत. मग 2021 ते 2026 साठीच्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या नियमांत टोर्नेडो का नव्हता? चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, भूस्खलन, हिमस्खलन होतं. गारपीट, ढगफुटी, थंडीची लाट होती. कीडसुद्धा होती. बारा नावांत टोर्नेडो नव्हता.

ओडिशाने तो राज्याची स्वतंत्र आपत्ती म्हणून जाहीर केला. पण त्यासाठी निधीतला जास्तीत जास्त 10 टक्के वाटा वापरता येतो, आणि त्याच वाट्यावर वीज पडून गेलेल्यांचा आणि सर्पदंशाचाही हक्क आहे. इतर अनेक राज्यांत मेलेल्या माणसाच्या घरच्यांना 4 लाख मिळवायचे, तर कागदावर दुसरं कुठलंतरी नाव शोधावं लागतं.

नावाचा घोळ भाषेतही आहे. मराठी बातम्यांत टोर्नेडोला सर्रास चक्रीवादळ म्हणतात. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं, ते समुद्रावर चार-पाच दिवस आधी दिसतं. टोर्नेडो काहीशे मीटर रुंद असतो आणि मेघगर्जनेच्या ढगातून बघता बघता जमिनीला टेकतो. त्यात ‘मिनी टोर्नेडो’ हा शब्द आम्हाला सर्वांत जास्त चीड आणतो. ज्याच्या घराची वीट उरली नाही त्याला ‘मिनी’ सांगायचं कोणी?

नाव टाळण्याची किंमत अमेरिकेने मोजली आहे. लोक घाबरतील म्हणून तिथल्या हवामान खात्याने 1880 च्या दशकापासून अंदाजात ‘टोर्नेडो’ हा शब्द टाळला. 18 मार्च 1925 ला मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून एक टोर्नेडो साडेतीन तास धावला, 352 किलोमीटर. 695 माणसं मेली, आणि कोणाला इशारा नव्हता. पुढे 20 मार्च 1948 ला ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर टोर्नेडोने विमानं मोडली. पाचच दिवसांनी फॉबुश आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांनी तशीच हवा ओळखून टोर्नेडोचा अंदाज दिला. तो खरा ठरला आणि कोणी मेलं नाही. 1950 मध्ये शब्दावरची बंदी उठली.

आणि हे अमेरिकेचं दुखणं आहे असं कृपया म्हणू नका. जगातला सर्वांत जीवघेणा टोर्नेडो आपल्या शेजारी झाला. 26 एप्रिल 1989, बांगलादेशातला माणिकगंज जिल्हा, दौलतपूर आणि साटुरिया. दुष्काळाने सुकलेल्या मुलुखात सुमारे 1,300 माणसं गेली, 12,000 जखमी झाली, 80,000 बेघर झाली. आपल्याकडे 17 मार्च 1978 ला खुद्द दिल्लीत 28 माणसं गेली, आणि 24 मार्च 1998 ला ओडिशा-बंगालच्या सीमेवर दीडशेच्या वर. पूर्वेकडे काळबैशाखीचा, म्हणजे उन्हाळ्यातल्या गडगडाटी वादळांचा, हाच पट्टा आणि हेच महिने. दरवर्षी.

आता रडारचं. ‘एवढे रडार बसवले’ हे उत्तर आम्हाला पुरत नाही. अर्ध्या अंशाच्या कोनातला किरण 100 किलोमीटरवर जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंच गेलेला असतो, 200 किलोमीटरवर चार. शिवाय एक अंश रुंदीचा किरण 100 किलोमीटरवर पावणेदोन किलोमीटर पसरतो, त्यात 200 मीटरचा भोवरा विरघळून जातो. त्यातून संपूर्ण फेरीला दहा मिनिटं लागत असतील तर दोन फेऱ्यांच्या मध्ये टोर्नेडो येऊन जातो. एक्स-बँडचे, म्हणजे आखूड तरंगलांबीचे, छोटे रडार जवळ जवळ लावा, पण मुसळधार पावसात त्यांचा किरण क्षीण होतो हे लक्षात ठेवून मागे लांब तरंगलांबीचा एस-बँड हवाच. मार्च ते मे या काळात खालच्या कोनांची फेरी दर दोन-तीन मिनिटांनी करा. रडारच्या वेगाच्या चित्रात लाल आणि हिरवा, म्हणजे दूर जाणारा आणि जवळ येणारा वारा, एकमेकांना चिकटून दिसले, म्हणजे ढगात जोरदार घूर्णन आहे, हे ओळखणारा माणूस रात्रपाळीलाही खुर्चीवर हवा. नाहीतर यंत्र बघतं आणि कोणालाच दिसत नाही.

इशारा दिला की काम संपलं, असंही नाही. 22 मे 2011 ला मिसुरीतल्या जॉप्लिनमध्ये पंधरा-वीस मिनिटं आधी इशारा गेला होता, भोंगे वाजले होते, तरी 158 माणसं गेली. भोंग्याची सवय झालेले अनेक जण दुसरी खात्री पटेपर्यंत थांबले. मोबाइलवर इशारे देणाऱ्या सरकारी ‘सचेत’चा संदेश ‘जोरदार वाऱ्यासह पाऊस’ एवढंच म्हणाला, तर मैनागुडीची बाई दोरीवरचे कपडे काढायला अंगणात जाईल. पक्क्या छोट्या खोलीत शिरा, खिडक्यांपासून लांब राहा, नसेल तर खड्ड्यात डोकं झाकून पालथे पडा, हे तिच्या भाषेत, तिच्या गावाच्या नावासह हवं. खिडक्या उघडल्याने घर वाचतं हा गैरसमजही खोडून काढा.

माणसं जखमी होतात ती बहुतेक उडणाऱ्या वस्तूंनी, त्यांत पत्रेही आले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, आणि ओढ सर्वांत जास्त असते छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना. आमच्याकडे पत्रा धरून ठेवणारे जे-हुक मात्र सगळीकडे सारख्याच अंतरावर, तेही गंजलेले. कडेला अंतर निम्मं करा, हुकाखाली रुंद वॉशर द्या. मोठ्या टोर्नेडोत हे टिकणार नाही, पण लहान टोर्नेडोच जास्त येतात. आणि घरकुलाच्या शौचालयावर आरसीसी स्लॅब टाकून तो भिंतींत नीट बांधला, तर कुटुंबाला दडायला जागा होते. यात कोणतं रॉकेट विज्ञान आहे?

शेवटची गोष्ट पाहणीची. टोर्नेडो की नुसता कोसळता वारा, म्हणजे ढगातून थेट खाली येऊन पसरणारा, हे पडलेली झाडं सांगतात. सगळी एकाच दिशेला किंवा पंख्यासारखी बाहेर पडली असतील तर कोसळता वारा, मधल्या रेषेकडे वळून पडली असतील तर टोर्नेडो. पण करवती आणि जेसीबी दोन दिवसांत सगळं साफ करतात, पुरावा ओंडक्यांबरोबर जातो. टोर्नेडोची तीव्रता ठरवणाऱ्या अमेरिकन मोजपट्टीत नुकसानाचे 28 निर्देशक आहेत, त्यांत बांबूचं घर नाही, मातीची भिंत नाही. आपली मोजपट्टी आपणच करायला हवी. पुण्यात सिमला ऑफिसच्या, म्हणजे हवामान खात्याच्या कार्यालयाच्या, चौकात उभं राहिलं तरी हे करू शकणारी माणसं सापडतील.

आपण म्हणाल, यादी गृह मंत्रालयाची, घरकुल ग्रामविकासचं, पत्रा राज्याचा. बरोबर. माणूस मेला की तो कोणाच्या खात्यात मोडतो, एवढं एकदा ठरवा. प्रत्येक खातं फाईल पुढच्या टेबलावर सरकवतं आणि सगळे नियमाप्रमाणे वागलेले असतात, हाच आमचा सगळ्या व्यवस्थेशी झगडा आहे.

आमच्या मागण्या तीन आहेत. टोर्नेडोचं नाव यादीत घाला. अंदाजात हा शब्द वापरायला परवानगी नव्हे, आदेश द्या. आणि पुढच्या मार्चच्या आधी पूर्व भारतात एक पाहणी पथक तयार ठेवा, जे 24 तासांत पोचून करवतीच्या आधी झाडांचे फोटो होकायंत्रासह काढेल.

आपले,
हवामान आणि आपत्ती व्यवस्थापनात काम केलेले काही जण, पुणे