जोखमीचं गरोदरपण आणि पाजायची इच्छा : मदतीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

गरोदरपणात रक्तदाब वाढला, साखर वाढली, जुळं असलं किंवा वार खाली असली, की त्या बाईशी सगळे आकड्यांचंच बोलतात. बीपी किती, साखर किती, बाळाचं वजन किती. तेही हवंच. पण ‘बाळाला अंगावर पाजायचं ठरवलंयस का?’ हे विचारायचं राहून जातं. आमच्या मंडळात येणाऱ्या अशा कितीतरी जणींनी ते मनाशी केव्हाच ठरवलेलं असतं. पुढची तयारी मात्र कुणी करून घेतलेली नसते.

अशा बाळंतपणात सिझेरियनची शक्यता जास्त. मधुमेह असेल तर दूध उतरायला एरवीपेक्षा उशीर होऊ शकतो. बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं, तर चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ त्याला सहसा जमत नाही. मग बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, आणि आई वॉर्डात. तिला दूध टिकवायचं असेल तर पहिल्या काही तासांतच दूध काढायला लागायचं आणि दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, काढत राहायचं. २४ तासांत निदान ८ वेळा. पहिल्या दिवशी हाताने काढलेल्या चिकाने चमच्याचा तळ जेमतेम भिजतो. ते पाहून आई म्हणते, ‘मला दूधच नाही,’ आणि भोवतालचे लगेच माना डोलावतात! अहो, त्या दिवशी निघतो तेवढाच. तोच सिरिंजने थेंबथेंब बाळाला देता येतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आतड्याचा एक गंभीर आजार होऊ शकतो, त्याचा धोका आईच्या दुधाने कमी होतो.

आम्हाला सर्वांत जास्त गरज आहे ती माणसांची. या वाटेने गेलेल्या आया हव्यात, ज्या सातव्या-आठव्या महिन्यातच गरोदर बाईशी आणि तिच्या घरच्यांशी बोलतील, पुढे रात्री फोन घेतील. औषधांचा सल्ला आपण द्यायचा नाही. रक्तदाबाच्या लॅबेटालॉल, निफेडिपिनसारख्या गोळ्या चालू असतानाही सहसा पाजता येतं. पण भीतीने पाजणं थांबवण्याआधी आणि गोळी सोडण्याआधी डॉक्टरांना विचार, एवढंच सांगायचं. वैद्यकीय कारणाने वरचं दूध द्यावं लागलं तर ते द्यायचंच. त्यावरून आईला टोमणे मारणारं कुणी आम्हाला नको.

दुसरी गरज पैशांची. अनेकींना आळीपाळीने वापरता येतील असे, दोन्ही बाजूंनी दूध काढणारे विजेचे पंप घ्यायचे आहेत. प्रत्येकीला नळ्या आणि कप मात्र स्वतंत्र लागतात. काढलेलं दूध गार ठेवून नेण्यासाठी डबे आणि बर्फाच्या पिशव्याही हव्यात. घरात पडून असलेला पंप कृपया देऊ नका. असे बरेच पंप एकीच्याच वापरासाठी असतात, आतल्या भागात दूध गेलं की ते साफ होत नाही.

दुधाच्या पावडरी आणि बाटल्या बनवणाऱ्यांकडून देणगी किंवा वस्तू घेणार नाही. आईच्या दुधाऐवजी विकल्या जाणाऱ्या दुधाच्या जाहिरात-विक्रीवर मर्यादा घालणारी, जागतिक आरोग्य सभेने १९८१ साली मान्य केलेली संहिता आम्ही पाळतो. यावरून आमच्याशी वाद घालणारे असतात, त्यांनी खुशाल घालावा.

आपलं नाव, काय देऊ शकता आणि फोन कोणत्या वेळी घेता येईल, हे मंडळाच्या कार्यालयात कळवा. रात्री २ ते ५ ही वेळ देणाऱ्यांची नावं आधी हवी आहेत.