रात्रीच्या वर्गाला चष्मे पाहिजेत

गावकरी बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या मागच्या खोलीतला प्रौढ साक्षरतेचा रात्रीचा वर्ग सर्वांना ठाऊक आहे, ओळख करून देत बसत नाही. १७ मार्च २०२४ ला सरकारच्या 'उल्लास' साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा झाली तेव्हा आपल्या अकरा बाया बसल्या होत्या. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. त्यातल्या एक आजी पुढे निराधारचा पगार उचलायला गेल्या. साहेबांनी सवयीनं शाईचा डबा सरकवला, तर म्हणाल्या, "पेन दे ना बापू, शाई कायले?"

हे एकट्यादुकट्यानं झालं नाही. खोली भाऊंनी दिली, आजवर भाड्याचा शब्द काढला नाही. सत्तरी ओलांडलेले आपले गुरुजी पावसाळ्यातही बॅटरी घेऊन चिखल तुडवत येतात. किराणावाले शेठजी दर महिन्याला न मागता खडूची पेटी पाठवतात. पुण्यात नोकरीला लागलेल्या आपल्या लेकीनं पहिल्या पगारातून पंखा दिला, तो अजून फिरतो आहे. बचत गटाच्या बायांनी पाट्या आणल्या. सर्वांचे ऋण आहे.

मागच्या दिवाळीत असंच आवाहन पारावर लावलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यावर कुणीतरी 'ट्रॅक्टर विकणे आहे' चिकटवलं. असो. ट्रॅक्टर विकला गेला म्हणे.

यंदाची अडचण डोळ्यांची आहे. काही बायांनी वर्ग सोडला तेव्हा आम्हीच म्हणालो, मन लागत नसेल. विचारलं तर कळलं, अक्षर येते पण दिसत नाही. चाळिशी कधीच उलटलेली. सध्या गुरुजींचा एकच चष्मा ओळीनं फिरतो. एकीची ओळ वाचून झाली की दुसरीच्या नाकावर. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला किती वेळ ताटकळत बसवायचं?

तरी पाहिजे ते असं: नंबर तपासून जवळचे चष्मे बावीस, लाइन जाते म्हणून चार्जिंगचे दिवे दोन, मोठ्या अक्षरांची पुस्तकं, वह्या-पेन्सिली. रोख रक्कम वाचनालयात संध्याकाळी ७ नंतर, पावती घ्यावीच. बाहेरगावच्यांनी खाते क्रमांक गुरुजींना विचारावा. घरातले जुने चष्मे नकोत, नंबर जुळत नाहीत. मागे परीक्षा मार्चमध्येच झाली, म्हणून वेचणी संपायची वाट पाहू नये.

आपला,
सचिव, सार्वजनिक वाचनालय

ता. क. पुस्तकं म्हणून दहावीची गाइडं देऊ नयेत. तीन पोती पडून आहेत.