पोरं गेली, आता शाळाही जाणार?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ ते २०११ दरम्यान घटली. घाटावरचे आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातले आजरा, चंदगड, भुदरगड, शाहूवाडी हे तालुके त्याच वाटेवर आहेत. राज्याचा जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतच १.७ वर आला होता (लोकसंख्या टिकायला २.१ लागतो), त्यात तरुण पोरं मुंबई-पुण्याला. मागे राहतात म्हातारी माणसं. भाताच्या रोपलावणीला माणूस मिळत नाही, मग डोंगरउताराची शेतं पड पडतात. पट घटला म्हणून शाळा बंद केली, की लेकरांसाठी उरलेलं कुटुंबही गाव सोडतं! वाडीवस्तीच्या शाळांना पटाची अट लावू नये. हलकर्णी, गडहिंग्लजच्या एमआयडीसीत काजूप्रक्रियेसारखे उद्योग आणून स्थानिकांना पगार द्यावा, निवडणुकीपुरतं आश्वासन नको.

– एक वाचक, आजरा (जि. कोल्हापूर)