सिझर लिफ्टखाली पाय अडकू नये म्हणून

संपादक महोदय,
भोसरी, चाकणच्या गोडाऊनमधे माल वरखाली करायला हायड्रॉलिक सिझर लिफ्ट (ऑइलच्या प्रेशरवर, कात्रीसारख्या पायांवर वरखाली होणारा प्लॅटफॉर्म) सर्रास दिसतात, पण प्लॅटफॉर्म खाली येताना पायाची बोटं चिरडू नयेत म्हणून त्याच्या कडेला खालून चारी बाजूंनी सेफ्टी पट्टी लागते हे कितीजण बघतात? पट्टीला बूट जरी लागला तरी आतला स्विच दबतो, उतरायचा व्हॉल्व्ह बंद होतो आणि प्लॅटफॉर्म जागीच थांबतो, एवढं साधं आहे. युरोपात लिफ्टिंग टेबलांसाठी, म्हणजे अशाच लिफ्टसाठी, ईएन १५७०-१ हे वेगळं स्टँडर्डच आहे. आपल्याकडे पट्टी वाकली की वायर काढून स्विच बायपास करतात, हे फार चुकीचंय.

कात्रीच्या पायांमधे हात जाऊ नये म्हणून भोवती घडीचा पडदा हवा, बटण सोडलं की लिफ्ट थांबलीच पाहिजे, त्यावर टेप लावून ठेवायचा नाही. आणि रिपेअरला खाली शिरण्याआधी माल उतरवून लोखंडी टेकू लावलाच पाहिजे, नुसत्या ऑइलच्या प्रेशरवर कसला भरवसा ठेवता, सील गळलं तरी प्लॅटफॉर्म खाली येतो.

इन्स्पेक्शनला येणाऱ्यांनी कागद बघण्याआधी ही पट्टी स्वतः दाबून बघावी, एवढीच विनंती.

– एक वाचक, पिंपरी