डीएसपीच्या प्रयोगशाळेत तंबोरा आणा

महोदय,

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम नव्याने लिहिले जात आहेत. त्यात डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग (आवाजासारख्या सिग्नलवर संगणकाने आकड्यांत प्रक्रिया करणे), म्हणजे मुलांच्या तोंडचे ‘डीएसपी’, या विषयाचे नुसते क्रेडिट इकडेतिकडे करून भागणार नाही. त्याची प्रश्नपत्रिका बदलायला हवी.

‘आठ बिंदूंच्या एफएफटीची बटरफ्लाय आकृती काढा’ हा ठरलेला प्रश्न. एफएफटी म्हणजे सिग्नलच्या नमुन्यांवरून (हेच ते बिंदू) त्यात कोणकोणत्या वारंवारता आहेत हे झटपट काढण्याची रीत, आणि ही आकृती म्हणजे तिच्या पायऱ्यांचे रेखाटन. हमखास गुण, म्हणून मुले आकृती पाठच करतात. पण आठ बिंदूंना सरळ पद्धतीने ६४ गुणाकार लागतात आणि एफएफटीने १२. एवढ्यासाठी हा खटाटोप कशाला, असे एखाद्याला वाटले तर त्याला दोष कसा द्यायचा? १,०२४ बिंदू घेतले की तेच आकडे १०,४८,५७६ आणि ५,१२० होतात. कुली आणि ट्युकी यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या या युक्तीची ताकद तिथे कळते, आणि हाताने सोडवायच्या पेपरात नेमके तेच मावत नाही. फोर-जी आणि फाइव्ह-जीचा सिग्नल उलगडताना खिशातला मोबाइल हेच गणित सेकंदाला हजारो वेळा करतो.

आम्हा मिरजकरांना तर प्रयोगाचे साहित्य शोधायला लांब जायला नको. सतारमेकरांच्या दुकानातून एक तंबोरा आणावा. तार आणि घोडी यांच्यामधला दोरा काढून एकदा आणि लावून एकदा तार छेडावी, फोनवर ध्वनिमुद्रण करावे आणि त्याचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या वारंवारता आहेत याचे चित्र, काढावा. दोऱ्याने जवारी (तारेचा घुमारेदार झंकार) खुलली की वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतल्या वारंवारता, कसे उमलतात, ते कानाला ऐकू येते तसे पडद्यावर दिसते. सेकंदाला ४८,००० नमुने धरले, तर ८,१९२ बिंदूंच्या खिडकीत, म्हणजे एका वेळी तपासायच्या तुकड्यात, स्वरांश स्वच्छ वेगळे होतात, पण कोणता केव्हा उमलला हे पुसट होते. ५१२ बिंदूंची खिडकी घ्या, वेळ नेमकी कळते आणि स्वरांश एकमेकांत मिसळतात. ही ओढाताण सूत्रात शिकवायला मला दोन तास लागतात, आणि तरीही मागच्या बाकापर्यंत ती पोचत नाही.

पुढचा प्रश्न मुलांनीच सोडवावा. तार बरोबर मध्यावर छेडली, तर नियमाने दुसरा स्वरांश उमटू नये. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच दाखवले होते की तंबोऱ्यासारख्या घोडीवर हा नियम टिकत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा निष्कर्ष तिसऱ्या वर्षाची मुले फोनवर पडताळू शकतात. ऑक्टेव्ह आणि पायथन ही गणिताची सॉफ्टवेअर फुकट आहेत, तेव्हा महागड्या परवान्यांची सबबही उरत नाही.

झेड-ट्रान्सफॉर्म, म्हणजे फिल्टरचे वागणे तपासण्याचे गणित, वगळा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. फिल्टर अस्थिर का होतो, हे त्या गणितातले पोल (सूत्राचा छेद शून्य होतो ती स्थाने) कुठे पडले ते पाहिल्याशिवाय समजत नाही, आणि आयते कोड चिकटवून फिल्टर चालवणारी पिढी मला नकोच आहे. पण पेपरातले निम्मे गुण तरी संगणकासमोर बसून मिळवायचे असावेत: गोंगाट मिसळलेला आवाज द्या, तो साफ करायला सांगा आणि निवडलेल्या फिल्टरचे कारण लिहून घ्या. अभ्यास मंडळांनी निदान स्वायत्त महाविद्यालयांत येत्या वर्षापासून हे करून पाहावे. त्यांना विद्यापीठाच्या पेपरची अडचण नाही.

– इलेक्ट्रॉनिक्सचा एक शिक्षक, मिरज