आप्पा, इंजिन तेच आहे

ओटा, गुन्मा प्रांत, जपान
२८ जून २०१७

तीर्थरूप आप्पांना सुजाचा साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, नव्या गाडीत नवीन काय? मी म्हटलं, ब्रेक आणि डिफरन्शियल. त्यावर तुम्ही म्हणालात, "म्हणजे इंजिन तेच! मग नवी कसली?" तेवढ्यात गॅरेजात तुमचं गिऱ्हाईक आलं आणि बोलणं अर्धवट राहिलं. आज वर्कशॉपला सुट्टी आहे, बाहेर पाऊस धरलाय, तेव्हा सविस्तरच लिहिते. हे पत्र दादालाही वाचायला द्या, नाहीतर तो मला वेगळं विचारत बसेल.

गाडी म्हणजे आमच्या सुबारू कंपनीची डब्ल्यूआरएक्स एसटीआय. सुधारित गाडीची घोषणा मे महिन्यात झाली आणि गेल्या आठवड्यात ती विक्रीला आली. इथं एकदा मॉडेल काढलं की दरवर्षी त्यात थोडं थोडं सुधारत जातात आणि प्रत्येक सुधारणेला पुढचं अक्षर लावतात. २०१४ च्या ऑगस्टमध्ये आली ती ए, आणि ही आता डी. बाहेरून बघणाऱ्याला पुढचा बंपर, मोठी जाळी आणि १९ इंची चाकं एवढंच दिसतं. शोरूममध्ये निळी गाडी उभी केलीय. लोक येतात, फोटो काढतात. पण खरं काम चाकाच्या आत आहे.

गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी तपासणी असते, त्यात मी पुढचं चाक उतरवलं. आत पिवळाजर्द कॅलिपर (दादासाठी सांगते, चाकाची डिस्क आवळणारा ब्रेकचा चिमटा), इटलीच्या ब्रेम्बो कंपनीचा. पूर्वी पुढच्या चाकाला पॅड दाबणारे चार पिस्टन होते, आता सहा, तीन आतून आणि तीन बाहेरून. आणि तो कॅलिपर एकसंध आहे. आधीचा दोन अर्धे बोल्टनं आवळून केलेला असायचा. जोरात ब्रेक मारला की तेलाच्या दाबानं ते अर्धे केसभर फाकतात आणि तेवढंच पेडल मऊ लागतं. अखंड तुकड्यात ती भानगडच नाही. पण तो बनवणं किती अवघड, हे शिरोलीतल्या फौंड्रीवाल्यांना विचारा. अर्धे वेगळे असले तर आतली भोकं सरळ मशीनवर मारता येतात. अखंड तुकड्यात मात्र हत्याराला आत शिरून वळूनच काम करावं लागतं. डिस्कलाही भोकं पाडलीत, म्हणजे पॅड तापून सुटणारा वायू तिथून निघून जातो. एवढी मोठी डिस्क बसवायची म्हणूनच १८ ची चाकं १९ ची झाली. लोकांना वाटतं, चाकं दिसण्यासाठी मोठी केली.

आता डिफरन्शियल. या गाडीत चारही चाकांना ताकद जाते आणि पुढं किती, मागं किती, ते मधल्या डिफरन्शियलवर ठरतं. आतापर्यंत त्यात दोन गोष्टी एकत्र काम करायच्या, एक यांत्रिक, एक विजेवर चालणारी. यांत्रिक होती ती चाकावर येणाऱ्या जोराप्रमाणे आपोआप आवळायची. तिला ना विचारणा, ना हुकूम. वळणात शिरताना त्यामुळे गाडी किंचित हट्ट करायची, नाक सरळ ठेवायला बघायची. या वेळी ती काढून टाकली आणि सगळा कारभार विजेच्या क्लचवर सोपवला. वर्कशॉपच्या मागच्या आवारात गाडी फिरवताना मला फरक कळला. स्टेअरिंग वळवलं की नाक लगेच वळतं. चालवणाऱ्याला हवं तर गिअर लिव्हरजवळच्या छोट्या स्विचनं स्वतःही प्रमाण बदलता येतं. डांबरावर सैल सोडा, बर्फावर आवळा.

आता तुमचा मुद्दा, इंजिन. हो, तेच आहे. ईजे२०, दोन लिटरचं, १९८९ साली लेगसी गाडीत पहिल्यांदा बसवलेल्या इंजिनाच्या वंशातलं. माझ्यापेक्षा वयानं मोठं. चार सिलिंडर, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे, आडवे झोपवलेले. दट्टे एकाच वेळी आत येतात आणि एकाच वेळी बाहेर जातात, आखाड्यात दोन पैलवान झटापटीला पुढं यावेत आणि परत मागं सरावेत तसे. त्यामुळे एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो, आणि इंजिन सपाट असल्यानं वजन जमिनीलगत राहतं. जाच होतो तो आम्हा मेकॅनिकांना. स्पार्क प्लग बदलायचा म्हणजे बाजूच्या चेसिसच्या फटीतून हात घालायचा, तिथं सरळ पाना फिरत नाही. पण हेच इंजिन टर्बो लावून आज ३०८ हॉर्सपॉवर देतं. अॅव्हरेज विचारणारच तुम्ही, तर कंपनीचा आकडा लिटरला ९.४ किलोमीटर. किंमत चाळीस लाख येनच्या आसपास.

यूट्यूबवर तुम्ही ऐकलेला तो गडगडणारा आवाज हिला नाही, आप्पा. दादाला वाटतं सगळ्या सुबारू तशाच वाजतात. तो आवाज एक्झॉस्टचे पाईप लहान-मोठ्या लांबीचे असल्यामुळे येतो. इथल्या एसटीआयला ते सारख्या लांबीचे आहेत, म्हणून आवाज सरळ येतो, घट्ट. अमेरिकेत अडीच लिटरचं इंजिन देतात, ते अजून गडगडतं.

आणि हे इंजिन का ठेवलं, त्याचं उत्तर रॅलीत आहे, म्हणजे कच्च्या-पक्क्या रस्त्यांवर घड्याळाशी लावलेल्या शर्यतीत. १९९२ ला हिची पूर्वज इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स आली तीच मुळी रॅलीसाठी. तेव्हाच्या नियमाप्रमाणे रॅलीत पळवायची गाडी आधी हजारांच्या संख्येनं बनवून दुकानात विकावी लागे. म्हणजे जी गाडी फिनलंडच्या जंगलात उड्या मारायची तिचीच बहीण इथल्या माणसाच्या दारात उभी राहायची. १९९५ ला कॉलिन मॅक्रे त्या निळ्या गाडीतून जगज्जेता झाला, सत्तावीस वर्षांचा पोरगा. मग २००१ ला रिचर्ड बर्न्स, २००३ ला पेटर सोलबर्ग. कंपनीलाही १९९५ ते १९९७ सलग तीन वर्षं विजेतेपद. मॅक्रे आणि बर्न्स दोघंही आज नाहीत. इथल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या तोंडी मात्र ती नावं घरातल्या माणसांसारखी येतात. २००८ च्या डिसेंबरात कंपनी जागतिक रॅलीतून बाहेर पडली. मंदी होती. त्यानंतर ही गाडी नुसती नावाची रॅलीवाली राहील असं अनेकांना वाटलं असणार.

तसं झालं नाही, आणि मला या गाडीबद्दल आदर वाटतो तो यासाठीच. रॅलीत ठोकरा खाऊन जे इंजिन कळलं, त्याचा कुठला भाग तापतो, कुठला थकतो, कुठे ताकद लपलीय, ते सोडून नवं कोरं इंजिन बसवणं सोपं नाही. कंपनीकडे नवं इंजिन आहे, हिच्या ऑटोमॅटिक बहिणीत तेच आहे. पण हाताच्या गिअरच्या या गाडीत त्यांनी जुनंच ठेवलं आणि ज्या गोष्टी त्याच्या ताकदीला कमी पडत होत्या त्या सुधारल्या. आधी थांबणं, मग वळणं. तुम्ही स्वतः गिऱ्हाइकाला हेच सांगता की इंजिन चांगलं असेल तर खोलू नका, आधी ब्रेक बघा. म्हणून रविवारी तुमच्या तोंडून उलटं ऐकून मला नवल वाटलं. मित्सुबिशीनं हिची रॅलीतली जुनी प्रतिस्पर्धी लान्सर इव्होल्यूशन बंद केली, शेवटच्या हजार गाड्या काढून विषय संपवला. मित्सुबिशीच्याच ज्या सिडियाला आपल्याकडच्या रॅलीत दादा टाळ्या वाजवायचा, तिची ती थोरली बहीण. आता त्या जोडीतली ही एकटीच उरलीय. धुराचे नियम दरवर्षी कडक होताहेत. हे इंजिन अजून किती वर्षं चालू देतील, याची इथं सगळ्यांना धास्ती आहे, म्हणून या डी गाडीला मागणी जोरात आहे.

शनिवारी एक आजोबा आले होते. नव्वदच्या दशकातली स्वतःची इम्प्रेझा घेऊन, रंग जागोजागी उतरलेला, पण इंजिनचा आवाज स्वच्छ. नव्या गाडीत बसले नाहीत, बॉनेट उघडायला सांगितलं. मी उघडलं. दोन्ही गाड्यांची बॉनेट उघडी ठेवून ते बराच वेळ इकडून तिकडे बघत होते. मग हवा आत घेणाऱ्या इनटेकवर बोट ठेवून मला म्हणाले, हे इथून इथं सरकवलंय, बरं झालं, आता पाईपाला हात जातो. तुमची आठवण झाली. तुम्हीही असंच बघितलं असतं.

हे गाव सगळं या कंपनीवरच चालतं. १९१७ मध्ये नाकाजिमा नावाच्या माणसानं इथं विमानं बनवायला सुरुवात केली, यंदा शंभर वर्षं झाली. युद्धात हरल्यावर विमानं बंद झाली, तर त्याच कारागिरांनी विमानाच्या शेपटीची चाकं लावून स्कूटर बनवल्या. या एप्रिलपासून कंपनीनं फुजी हेवी इंडस्ट्रीज हे नाव सोडून सुबारू हेच नाव घेतलं. कारखान्याच्या गल्लीचं नाव तर आधीपासून तेच होतं.

आणखी एक गोष्ट, आईला आत्ताच सांगू नका, ती काळजी करते. जर्मनीत न्युर्बुर्गरिंगला चोवीस तासांची शर्यत असते, पंचवीस किलोमीटरची एक फेरी, रात्रभर, पावसाधुक्यात. तिथं ही एसटीआय पळते. २०१५ आणि २०१६ ला आपल्या वर्गात पहिली आली. यंदा मे महिन्यात मात्र शर्यत पुरी करता आली नाही. त्या संघातले मेकॅनिक कंपनी देशभरातल्या दुकानांमधून निवडते. आमच्यासारख्या, रोज ऑइल बदलणाऱ्या माणसांमधून. मी साहेबांना सांगितलंय की माझं नाव द्या. ते हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. सध्या संध्याकाळी थांबून चाक बदलायचा आणि पॅड बदलायचा सराव करते. नव्या कॅलिपरचे पॅड वरून निघतात, त्यामुळे काम झटपट होतं.

आता तुमच्या कामाचं. ती जुनी शेवरलेची फॉरेस्टर तुमच्याकडे उभी आहे ना, ती मुळात सुबारूच आहे आणि तिचं इंजिनही याच ईजे घराण्यातलं. टायमिंग बेल्ट बदलणार असाल तर नुसता बेल्ट बदलू नका. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालतो, तो आणि बेल्टाचे सगळे रोलर, म्हणजे आयडलर, टेन्शनर, एकदमच बदला. एखादा आयडलर जाम झाला तर बेल्ट जातो आणि मागोमाग व्हॉल्व्ह वाकतात. बेल्ट काढायच्या आधी खुणा जुळल्यात का ते दोनदा बघा, आणि डाव्या बाजूचा कॅम सुटला की स्वतःच फिरतो, तेव्हा हात सांभाळा. चेसिस नंबरचा फोटो पाठवा. सामान इथून घेते, दादाचा मित्र पुढच्या महिन्यात पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर देते. गिऱ्हाइकाला तोवर गाडी चालू करू देऊ नका.

तुमची,
सुजा